दुसऱ्या दिवशीचा आकडा

किरणांच्या माऱ्याने पेशीतला डीएनए किती तुटला, हा प्रश्न खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’सारख्या कर्करोग संशोधन केंद्रात मोलाचा आहेच, पण त्याहून मोलाचा प्रश्न, तुटलेलं किती उरलं, हा. १ ग्रे मात्रेने एका पेशीत सुमारे हजार एकपदरी आणि तीस-चाळीस दुपदरी भंग होतात. एकपदरी भंग पेशी भराभर सांधते. दुपदरी नीट सांधला नाही, तर विभाजनाच्या वेळी गुणसूत्राचा तुकडाच मागे राहू शकतो. दुपदरी भंगाभोवती एच२एएक्स या हिस्टोन प्रथिनाला फॉस्फेट चिकटतं. १९९८ साली उजेडात आलेली ही खूण, गॅमा-एच२एएक्स, अर्ध्या तासाच्या आसपास शिगेला पोचते आणि दुरुस्तीबरोबर ओसरते. म्हणजे या खुणेचा अर्ध्या तासाचा आकडा मार किती बसला ते सांगतो. पेशी सावरली का, याचा अंदाज चोवीस तासांनंतरच्या आकड्यावरूनच येतो.

या आकड्याचा खरेपणा यंत्राआधी हातावर ठरतो. ठरलेली वेळ झाली की पेशी बर्फावर घ्यायच्या, कारण उबेत दुरुस्ती चालूच राहते. सेंट्रिफ्यूजमधून निघालेल्या नळीच्या तळाशी जेमतेम दिसेल असा पांढुरका ठिपका असतो. तो मोकळा करून, नळी हलवत हलवत गार इथेनॉल थेंबाथेंबाने सोडायचं. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात, आणि चिकटलेल्या दोन पेशी यंत्र एकच म्हणून मोजतं. मग खुणेला धरणारी चमकदार अँटिबॉडी आणि डीएनए रंगवणारं प्रोपिडियम आयोडाइड. ते आरएनएलाही चिकटतं, म्हणून आरएनएज हे विकर घालून आरएनए आधी काढून टाकावा लागतो. शेवटी फ्लो सायटोमीटर पेशी एकामागून एक लेझरपुढून सोडतो. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो: आडव्या अक्षावर डीएनए किती, उभ्या अक्षावर खूण किती उजळ. मिनिटाभरात हजारो.

सूक्ष्मदर्शकाखाली हे भंग खुणेच्या चमकत्या ठिपक्यांवरून एकेक करून मोजता येतात, मग नुसत्या उजेडावर का विसंबायचं, असा आक्षेप येतो. कमी मात्रेपुरता तो खरा आहे. तिथे सूक्ष्मदर्शकच सरस. पण मात्रा वाढली की ठिपके एकमेकांत मिसळतात, आणि शे-दोनशे पेशी मोजून डोळे दमतात. शिवाय डीएनएची नक्कल चालू असलेल्या पेशींत किरणांशिवायही ही खूण उमटते, आणि मरणपंथाला लागलेल्या पेशी तर सर्वांत लख्ख चमकतात. नुसती सरासरी काढली की हे सगळं एकत्र कालवलं जातं. फ्लोमध्ये डीएनएचं मापही हाताशी असल्याने हे गट वेगळे काढता येतात. मात्र किरण न दिलेल्या पेशींची नळी दर वेळी सोबत हवीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: फ्लास्कमधल्या पेशी म्हणजे रुग्णाच्या अंगातली गाठ नव्हे. गाठीत प्राणवायू अनेकदा तोकडा असतो आणि त्याने किरणांचा परिणाम घटतो. मान्य, म्हणून या आकड्यावरून कुणाची मात्रा ठरवू नये. त्याचं काम तुलनेचं आहे, आणि ती तुलना इथे निकडीची आहे. ‘ॲक्ट्रेक’मध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार होतात. प्रोटॉन थांबता थांबता सर्वाधिक ऊर्जा ओततो. त्या टोकाला भंग दाटीने पडतात, आणि दाटीतले भंग सांधणं पेशीला जड जातं. क्ष-किरणांशी समान मात्रेची तुलना केली, तर अर्ध्या तासाच्या नळ्या जवळपास सारख्या दिसू शकतात. फरक शोधायचा तो दुसऱ्या दिवशीच्या नळीत, आणि तोही मरत्या पेशींची चकाकी बाजूला काढून, तग धरलेल्या पेशींत.