मेली की मळली?

१९८८ च्या हिवाळ्यात बहिरमच्या यात्रेत आम्ही अमरावतीची पोरे टूरिंग टॉकीज पाहत होतो. ऐन मारामारीत पडदा काळा! ट्रकवरचे जनित्र बंद पडले. बॅटरीने ते पुन्हा सुरू होईना. ‘पैसे परत द्या’ची ओरड उठली. मालकाचा चेहरा उतरला. म्हातारा ऑपरेटर मात्र म्हणाला, “मेली नाई बाप्पा, मयली झाली!” टोकांवरचा पांढरा थर त्याने सोड्याच्या गरम पाण्याने धुतला, तारा घट्ट आवळल्या. जनित्र धडधडले!

आज अकोल्याच्या उन्हाळ्यात घरच्या इन्व्हर्टरपाशी तो म्हातारा आठवतो. ऋण तार आधी सोडावी, शेवटी जोडावी. पाणी डिस्टिल्डच घालावे. लिथियमची बॅटरी आणलीत, तर चार्जरही तिला साजेसाच हवा. पण वाचकहो, नवी आणण्याआधी जुनी मेली की मळली, तेवढे पाहा!