कोळसा भट्टीचा की कांडीचा?

गेल्या डिसेंबरात पुण्याचा भाचा पाथर्डीला आला तो गाडीच्या डिकीत जाळीची शेगडी आणि कोळशाचं चकचकीत पाकीट घेऊनच. "मामी, आज स्वयंपाकघर बंद. गच्चीवर बार्बेक्यू!" मला काय, आयतंच मिळालं. पण त्याने पाकीट फोडलं आणि आमच्या सासूबाईंनी चष्मा वर केला. आतले कोळसे सगळे एका मापाचे, नानकटाईसारखे. "हा कसला रे कोळसा? साच्यातून काढल्यासारखा!"

खरंच साच्यातून काढलेला होता. याला ब्रिकेट म्हणतात. कोळशाची भुकटी खळीसारख्या चिकट पदार्थात मळून दाबलेल्या या वड्या. कुठे त्यांच्या कांड्याही मिळतात. सासूबाईंचा अर्थातच विश्वास नाही. त्यांनी मला खालून आपला बाभळीचा कोळसा आणायला लावलं. मग काय, शेगडीत मधे वीट ठेवली, एका बाजूला भाच्याचा कोळसा, दुसऱ्या बाजूला आजीचा.

पहिली फेरी आजीने जिंकली. करवंटीचे दोन तुकडे पेटवून टाकले, पुठ्ठ्याने वारा घातला आणि दहा-पंधरा मिनिटांत बाभळीचा कोळसा लालबुंद. ब्रिकेटला चांगली पंचवीस मिनिटं लागली. वरून राखाडी साय आल्याशिवाय त्यावर काही ठेवायचं नाही, नाहीतर वास लागतो. (घाई करून रॉकेल ओतायचा मोह कुणालाही होतो. ओतू नका, वांग्यालाही रॉकेलचा वास येतो.)

भरताची वांगी आणि मक्याची कणसं भट्टीच्या कोळशावर झकास झाली. आच कडक, साल पटकन करपते, आतला गर मऊ. पण मसाला लावून ठेवलेली कोंबडी त्यावर घातली तर बाहेरून काळी, आतून कच्ची. कोळशाचे तुकडे लहानमोठे, त्यामुळे आच कुठे धगधगती तर कुठे मंद. वरून ठिणग्या तडतडल्या त्या वेगळ्याच. ब्रिकेटची आच मात्र तासभर एकसारखी राहिली. कोंबडी, पनीर, भरलेली ढोबळी मिरची सगळं निवांत भाजून निघालं. राख मात्र ढीगभर! थोडक्यात, झटपट भाजायचं तर भट्टीचा कोळसा, सावकाश शिजवायचं तर ब्रिकेट.

घेताना पारख करा. भट्टीचा चांगला कोळसा एकमेकांवर आपटला की खणखणतो, मोडला की आत चमकतो. तपकिरी दिसला तर अर्धकच्चा समजा, तो धूर करणारच. ब्रिकेट हातात भुगा होत असेल तर सोडून द्या. आणि एक घोटाळा टाळा. कारखान्यांच्या बॉयलरसाठी भुसा, शेंगांची टरफलं दाबून केलेले ठोकळे 'व्हाइट कोल' म्हणून विकतात, त्यांनाही ब्रिकेटच म्हणतात. पण त्यांचा कोळसा झालेलाच नसतो. स्वस्त मिळतात म्हणून आणाल तर गच्चीभर धूर!

हे खूळ तसं अमेरिकेचं. १९२०च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या मोटारींना लाकूड लागायचं. उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून, स्टार्चने बांधून त्यांनी तो विकायला काढला. पण आपल्याकडची गोष्ट मला जास्त आवडते. पुण्यातल्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला. डॉ. आनंद कर्वे हे तिचे संस्थापक, म्हणजे इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव. त्यांची कन्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनीही या कामात बरीच मेहनत घेतली. पाचट बंद डब्यांत कोंबायचं, बाहेरून तापवायचं, आतून निघणारा वायूच भट्टीत जळून पुढची उष्णता देतो. उरलेल्या भुकटीत खळ किंवा शेण कालवून कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ साली लंडनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'सराई' कुकरमध्ये शंभर ग्रॅम कांड्यांवर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो.

पाचट म्हणजे काय हे पाथर्डीच्या बाईला कुणी सांगायला नको. दसरा झाला की आपल्या तालुक्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला रिकामी होतात. पात्याने हात कापून घेत बायका जे सोलून टाकतात, ते हे पाचट. कितीतरी शेतांत ते तसंच पेटवून देतात. (ते शेतातच कुजवलं तर जमिनीला उत्तम, हेही खरं.) भट्टीच्या कोळशामागेही कष्ट कमी नाहीत. रायगडकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन महिनोन्‌महिने कोळसाभट्ट्यांवर जातात. उचल हा शब्द आपल्याकडे कुणाला नवा आहे?

असो. त्या रात्री जेवणं झाली, शेगडीत निखारे शिल्लक होते. सासूबाई म्हणाल्या, "या वड्यांना धूरच नाही गं. सूनबाईच्या बाळंतपणाला याच आणू. खोलीत डोळे तरी चुरचुरणार नाहीत." भाचेसुनेला सातवा होता. तिचं बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं होतं.

मैत्रिणींनो, माझ्या पोटात गोळाच आला. मी स्वतः बाळंतीण होते तेव्हाची गोष्ट. ऐन थंडी, दारं-खिडक्या बंद, फटींत फडकी कोंबलेली, बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा. धूर केव्हाच निवला होता, नुसते लाल निखारे. थोड्या वेळाने डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, उठून बसले तर भोवळ आली. घरात म्हणाले, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या आणायला म्हणून कुणीतरी दार उघडलं, ते उघडंच राहिलं आणि मला बरं वाटलं. बाळ माझ्या कुशीत होतं. आजही आठवलं की हात गार पडतात.

ती दृष्ट नव्हती. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. माणूस झोपेत असेल तर जाग यायच्या आत जीव जातो. धूर नाही म्हणजे तो वायू नाही, असं मुळीच नाही. भट्टीचा कोळसा असो, पुण्याची महागडी ब्रिकेट असो की पाचटाची कांडी, तिघांतूनही तो निघतो.

सासूबाईंना हे पटायला दोन दिवस लागले. "आम्ही नाही का केलं?" हे वाक्य पाच वेळा ऐकलं. मी म्हटलं, "आत्या, तेव्हा घरं कौलारू होती. कौलांतून वारा खेळायचा. आता वर स्लॅब आणि खिडकीला सरकती काच." हे मात्र त्यांना लागू पडलं. फेब्रुवारीत भाचेसून आली तेव्हा शेगडी बाहेर ओट्यावर पेटली. वीट आणि कापडाची घडी तिथेच गरम करून आत न्यायची, शेक द्यायचा. धुरी अंगणातच, तीही बाळाला लांब ठेवून. शेगडी खोलीत आली नाही.

आता उरलेल्या निखाऱ्यांचं. निखाऱ्यांची शेगडी रात्री उचलून घरात, जिन्याखालीही ठेवू नका. भट्टीच्या कोळशावर बेताने पाणी शिंपडा, दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवा, पुन्हा पेटतो. ब्रिकेटवर मात्र पाणी घातलंत की त्याचा चिखल होतो. तो पत्र्याच्या डब्यात घालून, घट्ट झाकण लावून अंगणातच ठेवा, आपोआप विझतो. आमच्या तेलाच्या जुन्या डब्यात तसे बारा-पंधरा उरलेत. संक्रांतीला भाचा येणार आहे, तेव्हा बघू.