गायगर गणक गप्प झाला तर?

विद्यार्थी मित्रांनो, आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गायगर गणक सुरू केला, की जवळपास काहीही ठेवलेले नसताना तो 'टक्… टक्' करू लागतो. नवे विद्यार्थी दचकतात. पण आकाशातून येणारे विश्वकिरण आणि माती-दगडांतील किरणोत्सारी अणू यांची ती नेहमीचीच चाहूल असते. तिला भिण्याचे कारण नाही. भ्यायचे ते गणकाच्या अवेळी गप्प होण्याला! असे का, ते पाहू या.

हान्स गायगर व वाल्टर म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२८ साली हा गणक तयार केला. धातूचे नळकांडे, त्याच्या मधोमध ताणलेली बारीक तार आणि आत कमी दाबाचा आर्गॉन किंवा निऑन वायू, एवढाच त्याच्या नळीचा संसार! तारेला काही शे व्होल्टचा धन विद्युतदाब देतात. किरण आत शिरला, की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेकडे धाव घेतात. तारेजवळ त्यांचा वेग इतका वाढतो, की ते इतर अणूंवर आदळून नवे इलेक्ट्रॉन सोडवतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असा कोट्यवधींचा लोंढा तारेवर येऊन पडतो. तोच आपला 'टक्'.

मागे उरतात ते जड, मंदगती धन आयन. ते तारेपासून दूर सरकेपर्यंत नळीला नवा किरण मोजता येत नाही. हा 'मृतकाल' सुमारे एक दशसहस्रांश सेकंद असतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वेळाने काय बिघडते? हिशेब करा. गणकाने सेकंदाला ५,००० ठोके मोजले, तर नळी त्यातला अर्धा सेकंद आंधळीच होती! म्हणजे खरा आकडा सुमारे १०,००० हवा.

मारा याहूनही फार वाढला, तर काही गणकांची नळी सावरूच शकत नाही. टिकटिक मंदावते, कधी थांबतेही. अजाण माणूस 'धोका टळला' समजून पुढे पाऊल टाकील!

म्हणून तीव्र किरणांसाठी आयनीभवन कक्ष वापरतात. त्यातही वायूच असतो, पण विद्युतदाब बेताचा. त्यामुळे लोंढा उसळत नाही. किरणांनी सोडवलेला विद्युतभार तेवढा गोळा होतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, पण मारा दुप्पट झाला की तोही दुप्पट होतो.

तेव्हा मित्रांनो, पुढेमागे गणक हाती आला, तर एवढे लक्षात ठेवा. वाढत गेलेली टिकटिक एकाएकी थांबली, तर पुढे जायचे नाही. आल्या वाटेने मागे फिरायचे!