पोट भरल्याचा निरोप देणारं हार्मोन दोन मिनिटांतच निम्मं का संपतं?

तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारला की आतड्यातून जीएलपी-१ हार्मोन रक्तात उतरतं. ते इन्सुलिन वाढवतं, भूक आवरतं. पण डीपीपी-४ हे एन्झाइम त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्लं छाटतं आणि साधारण दोन मिनिटांत निम्मं हार्मोन निकामी होतं. उरलेले तुकडे मुख्यतः किडनी साफ करते.

मधुमेहावरची सिटाग्लिप्टिन गोळी या कात्रीलाच अडवते. पेटंट संपल्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये ती जनऔषधी केंद्रांत आली. ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना. सेमाग्लुटाइडवर तर ही कात्री सहज चालतच नाही; ते इंजेक्शन आठवड्यातून एकदाच घेण्यामागचं हेही एक कारण.

गोळी स्वस्त झाली, पण तीही किडनीवाटेच बाहेर पडते. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. ‘काकांना लागू पडली’ म्हणून सुरू करण्याआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.