एचआयव्हीचे निदान उशिरा का होते?

बाळकुमच्या माझ्या दवाखान्यात चाळिशीतले एक गृहस्थ आले. महिनाभर ताप, चालताना दम. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली. सीडी४ पेशी होत्या ९०. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. ३५० च्या खाली असताना निदान झाले तर ते उशिरा झाले असे मानतात. २०० च्या खाली जिवाला धोका वाढतो.

नंतर मी त्यांचे जुने कागद तारखेप्रमाणे लावले. दोन वर्षांपूर्वी नागीण, मग तोंडात पांढरे चट्टे, त्यानंतर न थांबणारे जुलाब आणि घटलेले वजन. तिन्ही वेळा वेगळे डॉक्टर होते. जुलाबाची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. ‘संसारी माणूस आहे’ म्हणून चाचणीचा विचारच माझ्या मनात आला नाही.

असा मागोवा कोणाला दोषी ठरवण्यासाठी नसतो. संधी कुठे हुकली हे कळले, तर पुढचा रुग्ण वाचतो. आपल्याकडे क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही चाचणी करण्याचे धोरण आहे. तीच सवय इतर वेळीही हवी.

चाचणीबद्दल कधी विचारावे?

- तरुण वयात किंवा पुन्हा पुन्हा नागीण झाल्यास
- मोठ्या माणसाच्या तोंडात बुरशीचा संसर्ग झाल्यास
- महिन्याहून अधिक ताप किंवा जुलाब असल्यास
- कारण नसताना वजन घटल्यास
- वारंवार न्यूमोनिया झाल्यास

यांची इतर कारणेही असतात, त्यामुळे घाबरू नका. पण चाचणी टाळू नका.

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत समुपदेशन आणि चाचणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार चाचणीसाठी तुमची संमती लागते आणि अहवाल गोपनीय ठेवावा लागतो. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

एआरटी उपचारही सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान होताच औषध सुरू करता येते. नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

आता अशा तक्रारी घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी चाचणीबद्दल विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही विचारा.