मानेवरचा करंट, चिमटीतलं नाणं

मानेच्या मणक्याला मार लागून हातपाय लुळे पडलेल्या माणसाला सर्वांत आधी काय परत हवं असतं? चालणं, असं आपण धरून चालतो. किम अँडरसन यांच्या २००४ च्या पाहणीत अशा जवळपास निम्म्या लोकांनी हात मागितले होते. घास, कंगवा, शर्टाचं बटण यांसाठी रोज दुसऱ्याची वाट पाहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

‘आर्क-एक्स’ हे ऑनवर्ड मेडिकल कंपनीचं यंत्र या हातांसाठी आहे. चिरफाड नाही; मानेच्या मागे कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवायचे. करंट मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदनांच्या तंतूंना चेतवतो. त्यामुळे हात हलवणाऱ्या चेतापेशी तयारीत राहतात आणि इजेतून कसाबसा खाली उतरणारा मेंदूचा क्षीण निरोपही त्यांना पुरतो. बोट यंत्र हलवत नाही, रुग्णच हलवतो. म्हणून करंट चालू असतानाच थेरपिस्ट घाम काढतो.

हाताची परीक्षा मोठी घरगुती असते. बाटलीतून पाणी ओता, बरणीचं झाकण फिरवा, कुलपात किल्ली घाला, नाणं उचलून फटीत टाका, बोल्टवर नट चढवा. स्पर्शासाठी बोटाच्या टोकाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवतात आणि ‘कळलं का?’ विचारतात. स्पर्श कळला नाही तर ताकद असूनही नाणं निसटतं.

या यंत्राच्या ‘अप-लिफ्ट’ चाचणीत ६० जणांनी आधी दोन महिने नुसती थेरपी घेतली, मग दोन महिने करंटसह. मे २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये निकाल आला: ७२ टक्के लोकांची ताकद आणि हाताची कामं, दोन्ही सुधारली. इजेला ३४ वर्षं झालेल्यालाही फरक पडला. मात्र तुलनेसाठी खोटा करंट दिलेला गट नव्हता, ही उणीव मला मोठी वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने यंत्राला परवानगी दिली, तीही मज्जारज्जू पूर्ण निकामी न झालेल्यांसाठीच.

बाकीच्यांपैकी ज्यांना मनगट उचलता येतं त्यांच्यासाठी जुनी युक्ती आहेच, टेनोडेसिसची. मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात आणि पेला धरता येतो. ती पकड बोटांच्या स्नायूंच्या थोड्या आखडलेपणावर टिकते. तेव्हा घरच्यांनो, मायेपोटी मनगट वर वाकवून रुग्णाची बोटं ताणून सरळ करू नका. आधी थेरपिस्टला विचारा.