संगणकातली इर्जिक

शेतकऱ्याचे काम अडले की गावात इर्जिक घालण्याची जुनी रीत आहे. शेजारीपाजारी आपापली औते घेऊन येतात आणि एका दिवसात रान नांगरून देतात. मजुरी कोणी मागत नाही. घरधनी सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. उद्या दुसऱ्याचे काम निघाले, की हाही औत घेऊन जातो.

संगणकाच्या जगातही अशी एक इर्जिक चालते. आपल्या वाचनालयाला तिचा काय उपयोग, ते पाहू.

संगणक नुसता सुरू करून भागत नाही. त्याला काम सांगावे लागते. काम सांगणाऱ्या या सूचनांना सॉफ्टवेअर म्हणतात. पत्र लिहायचे सॉफ्टवेअर वेगळे, हिशेबाचे वेगळे. या सर्वांच्या खाली एक मुख्य सॉफ्टवेअर असते. विंडोज हे त्यांपैकी एक. असे सॉफ्टवेअर कंपनी विकते. पण पैसे मोजले तरी ते पुरते आपले होत नाही. ते आतून कसे लिहिले आहे, हे कंपनी दाखवत नाही. त्याची नक्कल शेजारच्या गावाला दिली, तर कायदा मोडतो.

मुक्त सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते कोणीही वापरावे, आत काय लिहिले आहे ते वाचावे, आपल्या सोयीने बदलावे, नि नक्कल करून दुसऱ्याला द्यावे. या चारही गोष्टींची परवानगी लेखी असते. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली हे काम जाहीर केले. फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स तयार करायला घेतले. जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही लिनक्सच आहे, बरं का!

वाचनालयांसाठीही असे सॉफ्टवेअर आहे. त्याचे नाव 'कोहा'. न्यूझीलंड देशात होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या वाचनालयांना पुस्तकांच्या नोंदीसाठी नवे सॉफ्टवेअर हवे होते. त्यांनी १९९९ साली ते करवून घेतले. जानेवारी २००० मध्ये ते सुरू झाले. मग त्यांनी ते साऱ्या जगाला खुले केले. तिथल्या माओरी लोकांच्या भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडे आहेर घेणारा पुढे आहेर करतो ना, तसाच भाव त्या शब्दात आहे. आज भारतातलीही अनेक ग्रंथालये कोहा वापरतात.

आता आपल्या मुळशी तालुक्याकडे वळू. हिंजवडी मुळशीतच येते. तिथे हजारो माणसे सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहेत. पण पौडच्या पुढे ताम्हिणीच्या वाटेवर एखाद्या गावाने वाचनालय काढले, तर त्याची मिळकत ती किती? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे मान्यता मिळाली, तर सरकारी अनुदान मिळते. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ड वर्गाला सर्वांत कमी. त्यातून पुस्तके घ्यायची, की सॉफ्टवेअर?

आणखी एक अडचण आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पुष्कळ जुन्या संगणकांवर पुढचे विंडोज ११ चालत नाही. मग चांगला चालता संगणक भंगारात घालायचा काय? नाही. लिनक्सचे काही हलके प्रकार जुन्या संगणकावरही चालतात. लिबरऑफिस नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठीत अर्ज लिहिता येतो, बचत गटाचा हिशेब मांडता येतो. त्यासाठी कंपनीला पैसे द्यावे लागत नाहीत. चोरून घातलेल्या सॉफ्टवेअरमधून रोग शिरतो, ती भीतीही टळते.

म्हणजे सगळेच फुकट झाले का? तसे नाही. वीज लागते, दुरुस्ती लागते. शिकवणारा माणूस तर हवाच. काही कामांची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतात. म्हणून आधी एका संगणकावर करून पाहावे. जुन्या नोंदींची नक्कल दुसरीकडे ठेवल्याशिवाय संगणकाला हात लावू नये.

वाचनालयाने किंवा समाजमंदिराने एवढे करावे : महिन्यातून एक दिवस ठरवावा. गावातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी बोलवावी. ज्याला हवे त्याला पेन ड्राइव्हवर मुक्त सॉफ्टवेअर द्यावे आणि ते कसे वापरायचे हेही दाखवावे. पुस्तक एकाने नेले, की दुसऱ्याला थांबावे लागते. इथे कोणालाच थांबावे लागत नाही. शंभर जणांना दिले तरी वाचनालयाकडचे सॉफ्टवेअर जागच्या जागी राहते.

नि इर्जिकीला गेलेल्याने हात बांधून बसू नये. एखादा मराठी शब्द चुकीचा दिसला, तर तो कळवावा. बरोबर शब्द सुचवावा. आपल्या गावचे तेवढे औत तरी त्या रानात चालू दे.